गेमिंग पीसी तापतोय? आधी पाणी मोजा, मग पार्ट बदला



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण टेबलावर पाण्याने थंड होणारा एक गेमिंग पीसी उघडून ठेवला होता. वेळ कमी, त्यामुळे बऱ्याच गोष्टी धावत सांगाव्या लागल्या. त्या इथे सविस्तर लिहितो. रत्नागिरी, चिपळूण, लांजा, राजापूर या पट्ट्यात जे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतात, किंवा सुरू करायच्या विचारात आहेत, त्यांनी वही-पेन घेऊनच वाचा. आकडे आहेत.

आधी हे सांगतो की हा विषय धंद्याच्या चॅनलवर का घेतला. विंडोज टाकून देणं, रॅम वाढवणं, प्रिंटर जोडणं ही कामं आता प्रत्येक गल्लीत होतात आणि तिथे भावाचीच मारामारी आहे. पण कस्टम लूपचा पीसी, म्हणजे ज्यात पंप, टाकी, रेडिएटर, नळ्या आणि प्रोसेसरवरचा ब्लॉक हे सगळं वेगवेगळं घेऊन जोडलेलं असतं, तो बिघडला की आपल्याकडचा माणूस सरळ मुंबई किंवा कोल्हापूरला फोन लावतो. अशा मशीनवर मालकाचे दोन-तीन लाख सहज अडकलेले असतात. काम अंगावर घेणारे कमी आहेत, कारण धोका मोठा आहे. एक फिटिंग नीट बसली नाही आणि ग्राफिक्स कार्डावर पाणी सांडलं, तर सहा महिन्यांची कमाई त्यात जाऊ शकते. शिकून केलं तर चांगलं गिऱ्हाईक आहे. अंदाजाने करायचं असेल तर हात लावू नका.

पंप बदलून द्या म्हणणारं गिऱ्हाईक

समजा, मारुती मंदिरच्या बाजूला राहणारा एक मुलगा तुमच्याकडे आला. दिवसा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, रात्री गेम खेळतो. तो म्हणतो, "दादा, आधी मस्त चालत होता. आता गेम लावला की प्रोसेसर ९५ डिग्रीवर जातो आणि सगळं अडकत अडकत चालतं. मित्र म्हणाला पंप गेलाय. पंप बदलून द्या. शनिवारी एका लग्नाचा व्हिडिओ द्यायचाय."

आता बहुतेक दुकानदार काय करतात? गिऱ्हाईकच सांगतंय म्हटल्यावर लॅमिंग्टन रोडला फोन करतात, काही हजारांचा पंप मागवतात, तीन दिवसांनी पार्सल येतं, लूप रिकामा करून पंप बसवतात. मशीन चालू केलं की पुन्हा ९५. उघडलेला, पाणी लागलेला पंप व्यापारी परत घेत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, प्रॉब्लेम गेलाच नाही तर पैसे कसले? शनिवार तर निघून गेलेला असतो. दुकानदाराचा पंप गेला, मजुरी गेली, आणि त्या मुलाचं लग्नाचं कामही गेलं. रत्नागिरीसारख्या गावात ही बातमी कॉलेजच्या कट्ट्यावर संध्याकाळपर्यंत पोचते.

त्या मुलाचा पंप गेला असेलही, नसेलही. ते ठरवायला दोन वजाबाक्या पुरतात.

दोन वजाबाक्या

उष्णतेचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. प्रोसेसरच्या चिपमध्ये वीज जळते. ती उष्णता चिपवरच्या धातूच्या झाकणात, तिथून थर्मल पेस्टमधून तांब्याच्या ब्लॉकमध्ये, ब्लॉकमधून पाण्यात, पाण्यातून रेडिएटरमध्ये आणि शेवटी खोलीच्या हवेत जाते. या रस्त्यात कुठेतरी गाडी अडली आहे. कुठे ते शोधायचं. रस्त्याच्या बरोबर मध्यावर पाणी आहे, म्हणून पाण्याचं तापमान कळलं की निम्मा रस्ता तपासातून बाद होतो.

पहिली वजाबाकी: पाण्याचं तापमान वजा खोलीचं तापमान. हा आकडा मोठा आला तर दोष रेडिएटर, पंखे आणि हवा या बाजूला.

दुसरी वजाबाकी: प्रोसेसरचं तापमान वजा पाण्याचं तापमान. हा मोठा आला तर दोष ब्लॉक, पेस्ट, पाण्याचा प्रवाह किंवा प्रोसेसरच्या सेटिंगमध्ये.

उदाहरण घेऊ. खोली ३१, पाणी ३६, प्रोसेसर ९५, आणि प्रोसेसर त्या वेळी १८० वॅट खातोय. पाणी खोलीपेक्षा फक्त ५ डिग्री वर आहे, म्हणजे रेडिएटर आपलं काम आरामात करतोय. प्रोसेसर आणि पाणी यांच्यात मात्र ५९ डिग्रीचं अंतर. अशा मशीनला कोणी आणखी एक रेडिएटर विकला तर पैसे वाया.

दुसरं मशीन बघा. खोली ३२, पाणी ५४, प्रोसेसर ८०, आणि प्रोसेसर खातोय फक्त ९० वॅट. इथे ब्लॉक बरा आहे, पण पाणी खोलीपेक्षा २२ डिग्री वर. इथे कितीही महागडी पेस्ट लावा, दोन-तीन डिग्रींपलीकडे काही हाती लागणार नाही. शिवाय ५४ डिग्री पाणी ही स्वतःच धोक्याची घंटा आहे. कस्टम लूपमध्ये सर्रास दिसणाऱ्या डी-फाइव्ह पंपाची मर्यादा ६० डिग्री आहे, आणि पीईटीजीच्या कडक नळ्याही त्याच सुमाराला मऊ पडायला लागतात. नळी मऊ पडली की फिटिंगमधून सुटते. या गिऱ्हाईकाला मशीन लगेच बंद ठेवायला सांगा.

चांगल्या लूपमध्ये पूर्ण लोडवर पाणी खोलीपेक्षा साधारण १० ते १५ डिग्री वर राहतं. प्रोसेसर आणि पाणी यांच्यातलं अंतर मात्र चिपप्रमाणे आणि वॅटप्रमाणे बदलतं. त्यामुळे वॅटचा आकडा शेजारी लिहिल्याशिवाय नुसतं "९५ झालं" या वाक्याला अर्थ नाही.

पाण्याचं तापमान मोजायचं कसं? फिटिंगच्या मापाचा सेन्सर मिळतो, तो टाकीच्या रिकाम्या तोंडात बसतो आणि मदरबोर्डवर दोन पिनांची जागा असेल तर तिथे जोडता येतो. गिऱ्हाईकाच्या मशीनला सेन्सर नसेल तर एक युक्ती आहे. अर्धा तास लोड द्या, लोड एकदम बंद करा आणि दहा-पंधरा सेकंदांनी प्रोसेसरचं तापमान वाचा. चिप लगेच थंड होते, पण लिटरभर पाणी इतक्यात थंड होत नाही. त्यामुळे तो आकडा पाण्याच्या तापमानापेक्षा थोडाच वर असतो. रायझनमध्ये रिकाम्या वेळीही चिप बऱ्यापैकी वीज खाते, तिथे फरक जरा जास्त धरा.

खोलीचं तापमान मात्र भिंतीवर मोजू नका. रेडिएटर जी हवा आत ओढतो तिथे थर्मामीटर धरा. कॅबिनेट काचेच्या कपाटात कोंबलेलं असेल तर खोली ३१ आणि रेडिएटरच्या तोंडाशी ४० असा प्रकार दिसतो, आणि तिथेच आजार सापडतो. कॅबिनेटची बाजूची काच काढून पुन्हा अर्धा तास चालवा. पाणी पाच-सहा डिग्रीने उतरलं तर पार्ट विकत आणायची गरजच नाही, पंख्यांच्या दिशा आणि हवेची वाट सुधारा.

घड्याळ लावा

तापमान किती यापेक्षा ते किती वेळात चढलं, हे कधीकधी जास्त सांगतं. लोड देताच दोन सेकंदांत ९०च्या वर उडी मारली, तर इतक्या कमी वेळात पाणी तापूच शकत नाही. दोष चिप आणि ब्लॉकच्या मध्ये. वीस-तीस मिनिटं हळूहळू चढत गेलं, तर पाणी तापतंय, रेडिएटरकडे बघा. आणि लोड काढल्यावर खाली यायलाही वेळ लागला, आकडा एकेक करून रेंगाळत उतरला, तर ब्लॉकमधलं पाणी हलत नाहीये. आता पंपावर संशय घ्या.

पंपाची खात्री हाताने करता येते. इथे थोडं गणित. पाण्याची उष्णता धरायची ताकद मोठी आहे. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल, तर दर ७० वॅटमागे ते फक्त १ डिग्री तापतं. म्हणजे २५० वॅटच्या प्रोसेसरमधून जाताना सुमारे साडेतीन डिग्री. प्रवाह तीन लिटर असेल तर सव्वा डिग्रीसुद्धा नाही. म्हणून लूपमध्ये आधी रेडिएटर की आधी ग्राफिक्स कार्ड यावर मुलं तासन्‌तास भांडतात, त्याला फारसा अर्थ नसतो. पण प्रवाह मिनिटाला ०.२ लिटरवर आला, तर तोच फरक १८ डिग्री होतो. ब्लॉकच्या दोन नळ्यांना एकाच वेळी बोटं लावा. एक कोमट आणि दुसरी चांगलीच गरम लागली, तर प्रवाह मेला आहे. दोन्ही सारख्याच लागल्या, तर पंपाला दोष देऊ नका.

प्रोसेसरच्या बाजूचे आजार

वजाबाकीने इकडे बोट दाखवलं तर आधी सॉफ्टवेअर बघा, पाना नंतर उचला. कारण पुष्कळ मशीन निव्वळ सेटिंगमुळे तापतात. इंटेल कोअर आय-नाइन १३९००के या चिपची कंपनीने दिलेली कमाल टर्बो पॉवर २५३ वॅट आहे. पण काही मदरबोर्ड पहिल्यांदा चालू करताना विचारतात, कूलर कोणता? तिथे "वॉटर कूलर" निवडलं की वॅटची मर्यादा जवळजवळ उठतेच. मालकाने कौतुकाने तेच निवडलेलं असतं. बायोसमध्ये जाऊन मर्यादा इंटेलने दिलेल्या आकड्यांवर आणा आणि पुन्हा मोजा. कित्येकदा काम इथेच संपतं, आणि गेममध्ये फरक जाणवतसुद्धा नाही.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप चिपबद्दल आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत असायलाच हवी. त्या चिपना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं आणि त्याने चिप कायमची अस्थिर होत होती, हे इंटेलने २०२४ साली मान्य केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड आला, तो बायोस अपडेटमधून मिळतो. अपडेटमुळे पुढचं नुकसान टळतं, आधीच खराब झालेली चिप त्याने बरी होत नाही. त्यासाठी इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. गिऱ्हाईकाचा गेम तापमान ठीक असतानाही बंद पडत असेल, तर हे त्याला सांगा आणि वॉरंटीचा अर्ज भरायला मदत करा. त्या मदतीचेही पैसे घेता येतात, आणि असं गिऱ्हाईक सहसा तुटत नाही.

रायझनची गोष्ट उलटी. ७००० मालिकेतल्या ७९५०एक्ससारख्या चिप पूर्ण लोडवर ९५ डिग्रीपर्यंत जाणारच, तशाच त्या बनवल्या आहेत असं एएमडीने २०२२ साली बाजारात आणतानाच सांगितलं होतं. थंडावा वाढवला की चिप तापमान कमी करण्याऐवजी वेग वाढवते. असा मालक घाबरून आला तर त्याला इको मोड लावून दाखवा. उगाच लूप उघडू नका. आपल्या एडिटिंगवाल्या मुलाचं मशीन मात्र आधी नीट होतं आणि आता गेममध्ये तापतं. काहीतरी बदललंय, म्हणून ते शोधायला हवं.

सेटिंग ठीक निघाल्या तर मग ब्लॉक काढा. नवीन जोडलेल्या मशीनमध्ये ब्लॉकच्या तळाचं पारदर्शक संरक्षक स्टिकर तसंच राहिलेलं सापडतं, हसू नका, खूपदा होतं. ब्लॉकच्या पाणी आत-बाहेर जाण्याच्या तोंडांची अदलाबदल हाही नेहमीचा प्रकार. बहुतेक ब्लॉकमध्ये पाणी मधल्या फटीतून थेट चिपच्या वर पडावं अशी रचना असते, उलटं जोडलं की ती वाया जाते. आत जाण्याच्या तोंडावर खूण असते, कंपनीचं चित्र बघून खात्री करा. जुन्या मशीनमध्ये पेस्ट वाळलेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि स्क्रू तिरक्या जोडीने, थोडे थोडे करत आवळा. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये पकडीच्या दाबाने चिपचं झाकण मध्ये किंचित वाकतं आणि ब्लॉक नीट टेकत नाही. त्यावर काँटॅक्ट फ्रेम मिळते, फरक पडतो. पण मूळ पकड बदलली तर वॉरंटी जाऊ शकते असं इंटेलचं म्हणणं आहे. म्हणून गिऱ्हाईकाची सही घेतल्याशिवाय फ्रेम बसवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचा आजार, तुंबलेला ब्लॉक. ब्लॉकच्या आत तांब्याच्या पापुद्र्यासारख्या पात्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. स्वस्त, मऊ, पारदर्शक पीव्हीसी नळीतून वर्ष-दीड वर्षात एक पांढरट चिकट पदार्थ पाण्यात उतरतो. तिला मऊ ठेवण्यासाठी जे घातलेलं असतं तेच हे. तो नेमका या फटींत जाऊन बसतो. रंगीत, दुधाळ दिसणारी शोभेची कूलंटही अशीच खाली बसतात. पूर्वी नीट होतं, आता तापतं, अशा तक्रारीत मी आधी इथेच बघायला सांगतो. ब्लॉक उघडून मऊ टूथब्रशने साफ करायचा, रबर रिंग जागच्या जागी बसवायची, आणि नळ्या बदलताना काळ्या ईपीडीएम रबराच्या घ्यायच्या. दिसायला साध्या असतात, पण घाण सोडत नाहीत.

पाण्याच्या बाजूचे आजार

गेमिंग मशीनमध्ये एक गोष्ट हमखास विसरली जाते. ग्राफिक्स कार्ड त्याच पाण्यावर असेल, तर प्रोसेसर तापण्याचं कारण ग्राफिक्स कार्ड असू शकतं. आरटीएक्स ४०९० हे कार्ड एकटं ४५० वॅट ओतू शकतं. गेममध्ये प्रोसेसर बिचारा ८०-९० वॅटच खात असतो, पण त्याच्याकडे येणारं पाणीच तापलेलं. म्हणून चाचणी दोनदा करा. एकदा फक्त प्रोसेसरला लोड, एकदा दोघांना मिळून. पहिल्या चाचणीत ठीक आणि दुसरीत चढलं, तर रेडिएटर अपुरा आहे किंवा तुंबला आहे. रेडिएटरच्या प्रत्येक १२० मिलिमीटर तुकड्याला साधारण १०० वॅट, असा ढोबळ हिशोब ठेवा. पंखे अगदी हळू फिरवणार असाल तर त्याहून कमी धरा. आणि पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर न ठेवता पाण्याच्या तापमानावर ठेवता आला तर ठेवा, नाहीतर ते उगाच दर सेकंदाला ओरडतात आणि शांत होतात.

पंपाची जोडणी बघताना एवढं लक्षात असू द्या: मदरबोर्डवरचं साधं फॅनचं हेडर बहुधा १ अँपिअर, म्हणजे १२ वॅटचं असतं. डी-फाइव्ह पंपाला पूर्ण वेगात त्याच्या जवळपास दुप्पट लागतं. त्याची वीज थेट पॉवर सप्लायवरूनच हवी, हेडरवर फक्त वेगाची वायर. आणि बायोसमध्ये त्या हेडरला "सायलेंट" लावलेलं असेल तर पंप निम्म्या वेगाने फिरत बसतो. इथे पंप बदलायची नाही, सेटिंग बदलायची गरज असते.

हवेचा बुडबुडा अडकला असेल तर खळखळ आवाज येतो. कॅबिनेट हळूहळू चारी बाजूंना कलतं करा, टाकी भरलेली ठेवा. या वेळी फक्त पंपाला वीज द्या, मदरबोर्डला देऊ नका. त्यासाठी २४ पिनांचा जंपर मिळतो.

आपल्या हवेचं काय

रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. मे महिन्यात रत्नागिरीत पंख्याखालची खोली ३३ असेल, तर २२ डिग्रीच्या एसी खोलीत बसून परदेशी मुलाने दाखवलेले आकडे इथे येणारच नाहीत. गिऱ्हाईकाला हे आधी सांगा. खोली ६ डिग्रीने थंड केली तर पाणी आणि प्रोसेसर दोन्ही जवळपास तेवढेच उतरतात. कधीकधी खरा सल्ला हाच असतो की मशीन एसीच्या खोलीत हलवा.

काही हौशी मुलं टाकीत बर्फ किंवा चिलर लावायला निघतात. आपल्याकडे ३२ डिग्री आणि ७५ टक्के दमटपणा असला, तर साधारण २७ डिग्रीपेक्षा थंड कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. थंड पाण्याच्या बाटलीला बाहेरून घाम सुटतो, तसा ब्लॉकला सुटतो आणि तो थेंब मदरबोर्डवर पडतो. ही ऑर्डर घेऊच नका.

खाऱ्या वाऱ्याने रेडिएटरच्या पात्यांवर धूळ चिकटून बसते, नुसत्या ब्लोअरने निघत नाही. समुद्राच्या बाजूची घरं असतील तर रेडिएटर वर्षातून दोनदा ब्रशने साफ करायला लागतो. पाण्याचंही तसंच. नळाचं, विहिरीचं किंवा घरच्या आरओचं पाणी लूपमध्ये चालत नाही. डिस्टिल्ड पाणी आणि त्यात गंजविरोधी व शेवाळविरोधी द्रव्य, किंवा सरळ तयार कूलंट. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, फक्त मागताना नीट मागा, बॅटरीचं ॲसिड घेऊन येऊ नका.

धातूंचं मिश्रण हा आपल्या बंदरावरच्या माणसाला पटकन कळणारा विषय आहे. मिरकरवाड्याला बोट वर ओढलेली असते तेव्हा पंख्याजवळ जस्ताच्या वड्या लावलेल्या दिसतात. दोन वेगळे धातू पाण्यात एकत्र आले की त्यातला एक खंगतो, म्हणून मुद्दाम जस्त झिजायला ठेवतात. लूपमध्ये तांब्याचा ब्लॉक आणि स्वस्तातला ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडला की हेच होतं, आणि झिजतो तो रेडिएटर. मग पाण्यात चोथा, ब्लॉक बंद, शेवटी गळती. असं मशीन आलं तर साफ करून परत देऊ नका. रेडिएटर बदलायला तयार असेल तरच काम घ्या.

जाता जाता, पाण्याने कॉम्प्युटर थंड करणं हे फक्त गेमवाल्या पोरांचं खूळ आहे असं कोणी म्हणालं, तर त्याला पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म सांगा. २०१९ साली बसवलेल्या या महासंगणकातही चिपजवळून द्रव फिरवून उष्णता काढतात.

पैसे कशाचे घ्यायचे

आता त्या एडिटिंगवाल्या मुलाकडे परत जाऊ. "पंप बदलून द्या" यावर तुमचं उत्तर असं हवं: "आधी तपासणी करतो. दीड-दोन तास लागतील. त्याचे वेगळे पैसे होतील, समजा ८०० रुपये. काम माझ्याकडे केलंस तर ते बिलात वळते करीन." आकडा तुमच्या भागाप्रमाणे ठरवा, पण फुकट तपासणी करू नका. फुकट तपासणी करणारा दुकानदार आपला वेळ पार्टच्या नफ्यातून काढायला बघतो, आणि मग गरज नसताना पंप विकला जातो.

तपासणीचा कागद द्या. त्यावर खोली, पाणी, प्रोसेसर, वॅट, किती मिनिटांनी, फक्त प्रोसेसर की दोन्ही, एवढं लिहिलेलं असावं. त्या मुलाला दोन वजाबाक्या समजावून सांगा, शिकलेला मुलगा आहे, त्याला कळतं. त्याच्या कागदावर पाणी ३६ आणि प्रोसेसर ९५ आलं, सेटिंग ठीक निघाल्या आणि नळ्या पारदर्शक पीव्हीसीच्या असल्या, तर ब्लॉक उघडायचा. नळ्या आणि कूलंट तुमच्याकडे शिल्लक असतील तर हे एका दिवसाचं काम आहे. शनिवार हुकत नाही. म्हणून दुकानात पंप भरून ठेवण्यापेक्षा चार मीटर ईपीडीएम नळी, दोन बाटल्या कूलंट, रबर रिंगांचा संच आणि चांगली पेस्ट ठेवा. यात भांडवल कमी अडकतं आणि लागतं हेच जास्त.

मशीन आत घेताना चारही बाजूंनी फोटो काढा, व्हिडिओत मशीन चालू दिसू दे. आधीच गळती होती का, कार्डावर डाग होते का, हे दोघांच्या समोर नोंदवून सही घ्या. काम झाल्यावर लूपमध्ये हवेचा दाब भरून गळती तपासायचा छोटा पंप मिळतो, तो घ्याच. साधारण अर्धा बार दाब, त्याआधी टाकीच्या कंपनीने दिलेली मर्यादा बघा. काटा पंधरा-वीस मिनिटं हलला नाही तरच पाणी भरा. आणि हो, एचडब्ल्यूइन्फो, ओसीसीटी यांसारखी तपासणीची सॉफ्टवेअर घरगुती वापराला फुकट आहेत, धंद्यासाठी त्यांचा परवाना वेगळा विकत घ्यावा लागतो. तो खर्च तपासणी फीमध्ये धरा.

मशीन परत देताना त्याची पत्रिका द्या. बाळाची काढतात तशी. ताज्या पाण्यावर, ठरलेल्या वॅटला, पाणी वजा खोली किती आणि प्रोसेसर वजा पाणी किती, हे तारखेसह लिहायचं आणि एक प्रत कॅबिनेटच्या आत चिकटवायची. वर्षाने तेच मशीन आलं की नवे आकडे शेजारी मांडायचे. दुसरी वजाबाकी ३८ वरून ४७ झाली असेल तर गिऱ्हाईकाला वेगळं पटवावं लागत नाही, ते स्वतःच म्हणतं, ब्लॉक साफ करा. वर्षातून एकदा पाणी बदलणं, ब्लॉक बघणं आणि रेडिएटर घासणं, असा वार्षिक करार याच कागदावरून विकला जातो. आपल्याकडे त्याला बरा काळ पावसाळ्यानंतरचा, दिवाळीच्या आधी. लग्नसराईचं एडिटिंग सुरू व्हायच्या आत मशीन मोकळं होतं.

लांबचं गिऱ्हाईक असेल, चिपळूण किंवा आंबा घाट चढून कोल्हापूरला मशीन जाणार असेल, तर लूप रिकामा करूनच पाठवा आणि तिथे भरायचं कसं याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर द्या. भरलेलं मशीन पार्सलने पाठवायचा आग्रह धरला तर नम्रपणे नाही म्हणा.

जॉब कार्ड आणि पत्रिकेचा नमुना पुढच्या मंगळवारच्या व्हिडिओत ओळीने भरून दाखवतो. तोवर दुकानातलं किंवा घरातलं एखादं मशीन घ्या, पाण्याचं नसलं तरी चालेल, आणि खोली, प्रोसेसर, वॅट असे तीन आकडे दर पाच मिनिटांनी अर्धा तास लिहून काढा.